ज्वारीवर ज्वारी

टाम्पेरे, फिनलंड
14 सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस, "आता अंग साफ झालं ना, मग अजून किती दिवस पोळी बंद?" मी "कायमची" म्हणाले आणि तू गप्प होऊन फोन बाबांकडे दिलास. तेव्हापासून चैन नाही. तुझा आवाज बदलला की मला फोनवर पुढचं बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

मला जे आहे त्याला इथे 'इहोकेलिआकिया' म्हणतात, म्हणजे कातडीचा सिलिअ‍ॅक, गहू न सोसण्याचा आजार. डॉक्टरी नाव डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नावात हर्पीस, म्हणजे नागीण, असली तरी तिच्याशी त्याचा संबंध नाही. पुळ्या नागिणीसारख्या झुपक्याने येतात म्हणून 1884 मध्ये फिलाडेल्फियाच्या डुहरिंग नावाच्या डॉक्टरांनी ते नाव दिलं. हा आजार जगात जिथे सगळ्यात जास्त सापडतो त्यांत फिनलंड आहे, त्यामुळे इथल्या डॉक्टरबाईंनी माझे कोपर, गुडघे आणि कंबर पाहूनच ओळखलं. दोन्ही बाजूंना सारखंच उठतं का, एवढंच विचारलं. मग तपासायला कातडीचा तुकडा घेतला, तोही पुळीचा नाही, तिच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या जागेचा. त्यात आयजीए नावाची अँटिबॉडी, म्हणजे शत्रूशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन, साचलेली दिसली, आणि निदान पक्कं झालं.

कणीक मळताना हाताला जी चिवट ओढ लागते ना, ते ग्लुटेन. गव्हात, जवात आणि इथल्या राय नावाच्या धान्यात ते असतं. माझं शरीर त्यालाच शत्रू समजतं. लढाई आतड्यात सुरू होते आणि खूण कातडीवर उमटते. माझं पोट कधी दुखलं नाही, म्हणून अन्नाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

आई, आता जे लिहितेय ते नीट वाच. नऊ वर्षं मी खाजवत होते. एका डॉक्टरांनी खरूज म्हणून औषध दिलं, तू घरभरच्या चादरी उकळल्यास. दुसऱ्यांनी मलम दिलं. तू कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातलीस, उष्णता म्हणून वांगं, आंबट, शेंगदाणे, तिखट सगळं तोडलंस. आणि पथ्य म्हणून काय दिलंस? मऊ फुलके, वरण, गव्हाची लापशी. मी ताटावर बसले की तू आधी माझ्या पोळीला तूप लावायचीस. हे निदान कळल्यावर मला पहिली आठवण त्या फुलक्यांची झाली, आणि तुलाही तीच झाली असणार, म्हणून तू फोन बाबांकडे दिलास. तुझी चूक नाही, आई. ज्यांचं शिक्षणच यातलं होतं त्यांना जे दिसलं नाही, ते तुला चुलीपाशी कसं दिसणार? रात्री माझे हात धरून बसायचीस, मी ओरबाडू नये म्हणून. तेवढंच मला आठवतं.

गोळीबद्दलही सांगते, कारण शेजारच्या काकू काय म्हणाल्या ते ताईने मला सांगितलं. हो, मी घेत होते ती डॅप्सोन कुष्ठरोगावरही देतात. म्हणून मला कुष्ठरोग होता असं होत नाही. आणि असता तरी? आनंदवन आपल्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. वरोऱ्याच्या माणसांनी बाबा आमट्यांचं काम डोळ्यांनी पाहिलंय. आपल्या गावात तरी हा शब्द कुजबुजत बोलायचं कारण नाही. काकूंना हे माझ्या नावाने सांग.

ती गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी खाज थांबली आणि मी सलग सात तास झोपले. पण तिने लाल पेशी फुटतात, म्हणून आधी जी-सिक्स-पीडीची (लाल पेशींना सांभाळणाऱ्या एका द्रव्याची) तपासणी आणि सुरुवातीला दर आठवड्याला रक्त द्यावं लागलं. शिवाय ती नुसत्या पुळ्या दाबते, आतड्याला तिचा उपयोग नाही. खरं औषध ताटातच आहे, फक्त ते फार सावकाश लागू पडतं. कातडीत साचलेलं ओसरायला महिने, कधी वर्षं जातात. मला गोळी कमी कमी करत पूर्ण सुटायला दोन वर्षं लागली. शेवटची एप्रिलमध्ये घेतली.

इथे त्रास कमी आहे. उपाहारगृहात पदार्थापुढे 'जी' लिहिलेलं असतं, आणि पाकिटावर 'ग्लुतेनितोन', म्हणजे ग्लुटेन नसलेलं, असं छापायचं तर किलोत 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. ऑफिसात सगळे रायचा काळा पाव खातात, मी डब्यात भाकर नेते. पहिले दोन महिने ती तव्यावर जाण्याआधीच तुटायची. आजी उकळतं पाणी का घालायची ते आता कळलं. ज्वारीत ती चिवट ओढ नाही, पीठ बांधायला उकळतं पाणीच लागतं. म्हणूनच पोळी लाटतात आणि भाकर थापतात! आजीच्या ताटात भाकर, कण्या आणि आंबील असायची. ते खाऊन राहिले असते तर कदाचित मला कधी काही झालंच नसतं.

दिवाळीला येतेय. माझ्यासाठी पोळपाट-लाटणं वेगळं काढ, लाकडात जुनी कणीक मुरलेली असते. तवाही वेगळा. कुरडया, शेवया, शंकरपाळे, रोडगे मला नकोत. मेतकुटात गहू असतो, तेही नको. चकलीच्या भाजणीत गहू घालू नकोस. अनारसे मात्र भरपूर कर, आणि भगर, साबुदाणा, राजगिरा हे सगळं चालतं. तुझ्या उपासाच्या दिवशी मी तुझ्याच ताटात जेवेन. सत्यनारायणाच्या शिऱ्याचं काय, हे मला सगळ्यात अवघड वाटतंय. प्रसादाला नाही म्हणायची माझी तयारी नाही. मी कपाळाला लावून बाबांना देईन, तू माझ्यासाठी केळं आणि पंचामृत ठेव.

बाबा, दळण तुमच्याकडे. गिरणीत गव्हानंतर आपली ज्वारी टाकली तर पाट्यांतलं गव्हाचं पीठ तिच्यात येतं. गिरणीवाल्या काकांना सांगा, "ज्वारीवर ज्वारी" टाका. आधी दुसऱ्या कुणाचं ज्वारीचं दळण होऊ दे, मग आपलं. आपल्या दळणाचंही पहिलं शेरभर पीठ बाजूला काढा, ते तुम्ही खा. बेसनही तसंच, विकतचं नको.

आणि एक काम माझ्या येण्याआधी. आई, तुझं हिमोग्लोबिन पाच वर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही 9 च्या वर जात नाही, त्यामागेही हेच असेल का अशी मला शंका आहे. हा आजार घराण्यात चालतो. आईवडील, भावंडं, मुलं यांत साधारण 10 पैकी एकाला तो निघतो, कित्येकदा कातडीवर एक पुळीही न येता. नागपूरला जाऊन टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी कर. ताईचीही करा, तुमचीही. तोवर पोळी सोडू नकोस, गहू बंद केला तर रक्तात काही दिसत नाही. नंतरचं मी आल्यावर बघू.

तुमची
धाकटी

ता. क. हिंगाचं पाकीट उलटं करून वाच. मागच्या हिवाळ्यात माझ्या कोपरावर परत पुळ्या उठल्या, तेव्हा घरभर शोधून शेवटी तिथे 'गव्हाचं पीठ' सापडलं. फोडणीतली चिमूटसुद्धा पुरते. खडा हिंग मिळाला तर तो आणून ठेव.