लोकांनी विचारलं तर खरंच सांगा

छत्रपती संभाजीनगर,
पोळ्याचा दुसरा दिवस

ती. अण्णा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज बसतो आणि अण्णा "हं, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. म्हणून लिहायला बसले. अण्णा, चष्मा लावून नीट वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळायचं नाही. ताईची पत्रं तुम्ही कशी वाचून दाखवायचात ते मला माहीत आहे.

दवाखान्यातली नोकरी सोडली हे तुम्हाला कळलंच आहे. आता पुढचं ऐका. घरं स्वच्छ करून देणं आणि पाण्याच्या टाक्या-हौद धुऊन देणं, हा व्यवसाय मी सुरू केलाय. करणार आहे असं नाही, केलाय. मशिनं घरात आली, तीन बायका आणि एक पोरगा कामावर आहे, पुढच्या आठवड्याची कामंही ठरलीत.

आधी पैशाचं सांगते, नाहीतर अण्णा रात्रभर गच्चीत फेऱ्या मारतील. अण्णांनी रिटायर झाल्यावर माझ्या नावावर ठेवलेली एफडी मोडली. अडीअडचणीसाठी म्हणून ठेवली होती, ठाऊक आहे मला. पण उधळली नाही हो. त्यातून ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम, प्रेशरनं पाणी मारायचं मशीन, फरशी घासायचं गोल मशीन आणि गाळ उपसायचा छोटा पंप घेतला. उरलेले परत बँकेतच ठेवलेत. वर मुद्रा योजनेचं कर्ज काढलं, शिशु गटातलं, त्याची मर्यादाच ५० हजार. त्याला तारण लागत नाही. सातबाऱ्यावर एक अक्षर चढलेलं नाही, यांनाही कुठं सही करावी लागली नाही. थोरल्या काकांच्या दुकानाचं जे झालं ते मनातून काढून टाका. काकांनी उधारीवर माल भरला होता. माझ्याकडे भरायला मालच नाही, झाडू-फडकी आणि माणसं, बस. कागदपत्रांचं म्हणाल तर माझ्यासारखी मोजकीच माणसं असली की शॉप ॲक्टला नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, ती दिली. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, तीही केली. ती फुकट होते, तरी एक एजंट दोन हजार मागत होता, त्याला अण्णांच्या शाळेतल्या आवाजात विचारलं, "पावती देणार का?" तो परत आला नाही. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला लागत नाही, आणि तिथवर पोचायला मला अजून वेळ आहे.

आणि यांचा पगार चालूच आहे. वाळूजची नोकरी सोडायचा विचार त्यांच्या डोक्यात नाही, माझ्याही नाही. पिंट्याची फी भरून झाली.

तुमचं काहीही बदलणार नाही. एक तारखेला पैसे येतात तसे येतील. भांड्याला येणाऱ्या मावशींना काढायचं नाही, आई, मी पैसे पाठवते म्हणजे पाठवते. फिल्टरची कँडल बदलायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नकोस. शुगर तपासायच्या पट्ट्या संपल्यात म्हणून महिनाभर तपासणीच करायची नाही, असला काटकसरीपणा मला चालणार नाही. अण्णांचा पेपर, वाचनालयाची वर्गणी, संध्याकाळचा गरम पाण्याचा शेक, सगळं जसंच्या तसं. मागच्या वेळी आले तेव्हा आई अर्ध्या लिटर दुधात भागवत होती. मी पाहिलं, बोलले नाही. एक लिटर घेत जा.

अण्णा, तुम्ही मला एवढंच म्हणालात, "हेच करायचं होतं तर बी.कॉम. कशाला केलं?" तुम्ही रागावला नव्हतात, त्यामुळे जास्त लागलं. पण बी.कॉम. आहे म्हणून तर एका घराला साबण किती लागतो, रिक्षाभाडं किती, बायकांची मजुरी किती आणि हातात काय उरतं हे मला रात्री नऊ वाजता वहीत दिसतं. दवाखान्यात मी बिलिंगला लागले होते. पुढं साफसफाईवर देखरेख करायला कुणी तयार होईना, सगळ्यांना ते खालचं काम वाटायचं, म्हणून ते माझ्याकडे आलं. तिथं मला कळलं की घाण दिसते त्यापेक्षा न दिसणारी जास्त असते. लाल फडकं संडास-बाथरूमचं, ते स्वयंपाकघरात जाता कामा नये. वरून खाली पुसत यायचं, आतून दाराकडे यायचं. हे शिकायला मला पगार मिळत होता, आता त्याचाच धंदा केला.

पण खरं शिक्षण त्याच्याही आधीचं आहे, आई. २०१६ चा तो उन्हाळा. मांजरा धरण आटलेलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि मी पिंट्याला घेऊन लातूरला तुझ्याकडे बाळंतपणाला. पहिल्या पाण्यात दुपटी भिजवायचीस, दुसऱ्यात धुवायचीस, तिसऱ्यात खळबळायचीस. ते तिसरं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासात. भाजी धुतलेलं तुळशीला. फडकं असं पिळायचीस की थेंब गळायचा नाही, पण हाताला गार लागायचं. इथं नळाला पाणी रोज येत नाही, मधे बरेच दिवस जातात. त्यामुळे गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न "किती घ्याल?" हा नसतो, "पाणी किती लागेल?" हा असतो. आम्ही दोन खोल्यांचं घर दोन बादल्यांत काढतो. फवाऱ्याची बाटली, मऊ फडकी आणि तुझं ते पिळणं. बायकांना मी तुझ्या नावानं शिकवते, "माझी आई असं करायची." त्यांनी तुला पाहिलेलंही नाही, पण तुला घाबरतात.

आता टाकीचं. "टाकीत उतरायचं नाही" हे तू फोनवर तीनदा म्हणालीस. ऐक. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत कुणी उतरत नाही, लांब दांड्याचा ब्रश असतो. परवा एका घरची टाकी उघडली तर तळाला बोटभर गाळ, कडेला हिरवं शेवाळ, एक प्लास्टिकचा चमचा आणि मेलेली पाल. घरातली माणसं तेच पाणी फिल्टर लावून पीत होती. गाळ उपसला, भिंती घासल्या, ब्लीचिंगचं पाणी फिरवून अर्धा तास ठेवलं आणि मग सगळे नळ सोडून ते धुऊन काढलं. त्या घरच्या आजींनी स्वतः वाकून आत पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बाई, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

जमिनीतल्या हौदात उतरावं लागतं, खोटं कशाला बोलू. पण झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवतो, आत हवा मारतो, एक माणूस कायम वर उभा असतो, त्यानं मोबाइल हातात घ्यायचा नाही. पेट्रोलवर चालणारं कुठलंही मशीन आत न्यायचं नाही, त्याच्या धुरानं माणूस ओरडायच्या आत जातो. आणि सेप्टिक टँकचं काम मी घेत नाही. संरक्षणाची साधनं न देता माणूस उतरवून असलं काम करून घेण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी कुणाच्या लेकराला तिथं उतरवलं नसतं. काल एकानं दुप्पट पैसे देतो म्हटलं. त्याला गाडीवाल्या टँकरचा नंबर दिला.

अण्णा, आता जे तुम्ही बोलला नाहीत त्याबद्दल. लोक काय म्हणतील यापेक्षाही तुम्हाला वाटतं की हे काम "आपलं" नाही. आपल्या जुन्या वाड्यात मागच्या दारानं कोण यायचं, आजी त्यांच्या ओंजळीत वरून पाणी कसं ओतायची, ते तुम्हीही पाहिलंय, मीही पाहिलंय. तुम्हाला ते आवडायचं नाही. तुम्ही शाळेत सगळ्या पोरांना एका माठातलं पाणी प्यायला लावायचात, त्यावरून गावात काय झालं होतं हे मला आईनं सांगितलंय. मग मी त्याच माणसाची मुलगी आहे ना? माझ्या बायका गिऱ्हाइकाच्या घरात पुढच्या दारानं जातात, लिफ्टनं जातात, घरातल्या पेल्यात पाणी पितात. काम ठरवतानाच हे सांगते. एका बाईंनी "त्यांच्यासाठी वेगळा कप आहे" म्हटलं, ते काम सोडलं. पैशाचं नुकसान झालं थोडं, यांनी कपाळाला हात लावला, पण सोडलं.

म्हणून एकच मागणं आहे. मामांना तुम्ही "ती अजून दवाखान्यातच आहे" असं सांगितलंत, असं कानावर आलं. माझ्या काळजीपोटीच सांगितलं असणार. पण कुणी विचारलं तर खरंच सांगा. लेक साफसफाईचा व्यवसाय करते म्हणा, वाटल्यास "स्वतःचा" हा शब्द जोरात म्हणा. एवढं केलंत तरी मला पुष्कळ झालं.

आई, तुझ्या मनातलं दुसरंही मला कळतंय. दर वर्षी घटस्थापनेच्या आधी मी दसरा काढायला, सगळं घर झाडायला-धुवायला येते. वाकळा-चादरी, फडताळावरचे पितळी डबे, माळ्यावरची ट्रंक. यंदा त्याच दिवसांत इथं सगळ्या शहराचा दसरा निघणार आणि मला दुसऱ्यांच्या घरात असावं लागणार. लहानपणी वाकळा धुताना तू मला टोपात उभी करून पाय मारायला लावायचीस आणि गुडघ्यापर्यंत फेस आला की मी ओरडायचे. अजून वाटतं कधी कधी, कुणीतरी तसं टोपात उभं करावं. असो. गणपती उठले की मी दोन दिवसांसाठी येते, मशीन घेऊन. "एवढ्या लवकर काढला तर परत धूळ बसेल" असं म्हणू नकोस, बसली तर बसली. माझ्या आधी माळ्यावर चढलीस तर बघ.

आता दोघांनीही नीट ऐका. अण्णा, बाथरूममध्ये तुम्ही ॲसिड ओतता आणि वर ब्लीचिंग पावडर टाकता, ते आजपासून बंद. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, तुमच्या दम्याला तो झेपणार नाही. शिवाय आपली फरशी शहाबादी आहे, चुनखडीचा दगड आहे तो, ॲसिडनं फसफसतो म्हणजे साफ होत नाही, झिजतो. त्या फरशीला नुसता साबण आणि ब्रश. नळांवरचे पांढरे डाग राहिले असतील तर लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून फडकं गुंडाळून ठेवा. नळावरच, फरशीवर सांडू नका. ॲसिडची बाटली मावशींकडेही देऊ नका, मी आले की मीच बघते.

आई, डोळ्याचे थेंब चार वेळा, मोतीबिंदू झाला म्हणजे संपलं असं नसतं. अण्णांच्या बीपीची गोळी सकाळी पोह्यांबरोबर, दुपारी आठवली म्हणून नव्हे.

दिवाळीनंतर इथलं काम जरा ओसरेल, तेव्हा तुम्ही दोघं महिनाभर राहायला या. आईला एसटीत अर्धं तिकीट आहेच, अण्णांनाही आहे. रात्रीच्या गाडीनं निघू नका, सकाळच्या गाडीनं या, खिडकीची जागा आईला. अण्णा, आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको, नाहीतर कंडक्टर पुरं तिकीट फाडेल आणि मग ती गोष्ट मला वर्षभर ऐकावी लागेल.

तुमची,
बेबी