दत्त्याला पत्र: रुळांशिवायचं कपलिंग

पुणे,
रविवार दुपार

प्रिय दत्त्या,

परवा लग्नाच्या पंगतीत इस्रोने अवकाशात दोन यानं जोडल्याचा विषय निघाला आणि तू म्हणालास, "आव्या, आकाशात दोन डबे जोडले तर पेपरात केवढा गाजावाजा! मी दौंडला एकोणतीस वर्षं रोज गाड्या जोडल्या, मला कोणी शाल-नारळ दिला नाही." सगळे हसले, मीही हसलो. तोंडात जिलबी होती म्हणून वाचलास. आता सवडीने उत्तर देतो.

सातवीत असताना आपण मुंबईहून येत होतो. कर्जतला घाटासाठी मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागलं तेव्हाचा धक्का आठवतो? माझ्या हातातला वडा तुझ्या मांडीवर आणि चटणी माझ्या पांढऱ्या शर्टावर. आईने तो शर्ट पुढे फडकं म्हणून वापरला. तर तो धक्का, दत्त्या. सगळं घोडं तिथेच अडतं. तुझी गाडी रुळावर, खाली जमीन, वर ब्रेक. धक्का बसला तरी डबा पळून जाणार कुठे? वर मात्र नुसतं टेकलं तरी समोरचा निघून जातो, आणि त्याला अडवायला कोणी नसतं.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण खरं कळलं गेल्या महिन्यात. चार पोरं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी डॉकिंगचं, म्हणजे अवकाशात यानं एकमेकांना जोडण्याचं, मॉडेल करताहेत, मी फुकटचा सल्लागार. भोसरीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये काळ्या ग्रॅनाइटची मोठी सरफेस प्लेट, म्हणजे अगदी सपाट घासलेली फरशी, आहे. तिच्यावर तीन-तीन किलोच्या दोन ॲल्युमिनियमच्या तबकड्या ठेवल्या. प्रत्येकीच्या पोटाखालून दाबाची हवा सुटते आणि तबकडी केसाएवढ्या हवेवर तरंगते. बोरिक पावडर टाकलेला कॅरमबोर्ड तिच्यापुढे खडीचा रस्ता. पोरांनी झकास हूक केला होता, स्प्रिंगने खाली पडणारा. मी एका बोटाने तबकडी ढकलली. टक्! हूक पडायच्या आतच दोघी विलग झाल्या आणि समोरची संथपणे प्लेटच्या कडेला निघाली. एका मुलीने ती झेलली म्हणून वाचली.

मी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलं, "टेकायच्या जागी जाड स्प्रिंग टाका, धक्का खाईल." टाकली. तबकडी आधीपेक्षा लांब पळाली! ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, स्प्रिंग घेतलेलं सगळं परत देते ना." मी चहा मागवला. दुसरं काय करणार?

धक्का घ्यायचा नसतो, जिरवायचा असतो. मग त्याच मुलीने कसबा पेठेत तांबट आळीतून तांब्याची पट्टी आणली आणि ती दोन चुंबकांमधून सरकेल अशी बसवली. पट्टी हलली की तिच्यात वीज फिरते आणि ती हलण्यालाच विरोध करते, वेगाची नुसती ऊब होऊन जाते. पुढच्या वेळी तबकड्या टेकल्या आणि टेकलेल्याच राहिल्या. मग हूक सावकाश पडला. आवाजही झाला नाही. त्या न झालेल्या आवाजाचं मला केवढं अप्रूप वाटलं, काय सांगू.

आता इस्रोचं बघ. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही रॉकेटने श्रीहरिकोट्याहून जी दोन यानं सोडली, ती प्रत्येकी साधारण २२० किलोची. दोन्ही तासाला सत्तावीस-अठ्ठावीस हजार किलोमीटरने पृथ्वीभोवती फिरणारी, पण एकमेकांजवळ यायचं ते सेकंदाला १० मिलिमीटरच्या आसपास. मी हिशेब केला. त्या भेटीत जी ऊर्जा जिरवायची, ती दोन शेंगदाणे अर्ध्या मीटरवरून ताटात पडल्यावर होते तेवढी. हसू नकोस. तेवढे दोन शेंगदाणे जिरवले नाहीत तर दोन्ही यानं आपापल्या वाटेला लागतात.

त्यात वरची चाल उलटी. पुढच्याला गाठायला जोर लावलास तर तू वरच्या कक्षेत चढतोस आणि मागे पडतोस. गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं, खालची फेरी लवकर पुरी होते. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानाचा अंतराळवीर मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायला सरळ त्याच्या रोखाने निघाला, आणि ते काही जमलं नाही. इंधन मात्र संपत चाललं.

जोडायच्या तोंडाची गोष्ट तुला आवडेल. आधी एकाला दांडा आणि दुसऱ्याला नरसाळं असायचं. दांडा नरसाळ्यात घुसला की आपोआप मधोमध येतो. सोपं आणि हलकं. पण दांडेवाले दोघं समोरासमोर आले तर नुसते बघत बसतील. शिवाय दांडा दर वेळी अडकेलच असंही नाही: १९७१ मध्ये अपोलो-१४ चं पाच वेळा अडकलं नाही, सहाव्यांदा अडकलं. मग १९७५ मध्ये अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयूझ जोडायचं ठरलं, तेव्हा दोन्हीकडे सारखंच तोंड केलं: एक कडं आणि त्यावर तीन पाकळ्या, एकाच्या पाकळ्या दुसऱ्याच्या फटीत. दोघांपैकी कोणीही पुढाकार घ्यावा. रशियाच्या बाजूने हे सिरोम्यातनिकोव्ह या इंजिनिअरचं काम. गंमत म्हणजे चेहरा सारखा असला तरी पोटात धक्का जिरवायची सोय वेगळी, अमेरिकेची तेलाच्या दाबाची, रशियाची मोटर-गिअरची. तुमच्या रेल्वेच्या नव्या एलएचबी डब्यांची मधली जोडणी, सेंटर बफर कपलर, नाही का, दोन्ही बाजूंना एकच मूठ, बोटं वाकवून एकमेकांत अडकवल्यासारखी. म्हणजे तुझं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं, एवढं मान्य. आपल्या यानांवरही दोन्हीकडे सारखंच तोंड आहे, ४५० मिलिमीटरचं, दोनच मोटरींवर चालणारं. माणसं ये-जा करतात त्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ८०० मिलिमीटर आणि २४ मोटरी. मला आपलं कमी मोटरींचं जास्त आवडतं. जितके भाग कमी, तितकी रात्री झोप बरी.

अडकलं म्हणजे झालं असंही नाही. आधी पकड, मग आत ओढणं, मग घट्ट आवळणं. एप्रिल १९८७ मध्ये रशियाच्या मीर अवकाश स्थानकाला क्वांट नावाचा भाग जोडताना पकड बसली, पण आवळता येईना. शेवटी रोमानेन्को आणि लावेयकिन हे अंतराळवीर बाहेर जाऊन बघतात तर मधे कचऱ्याची पिशवी अडकलेली! ती ओढून काढल्यावर फट मिटली. एवढा खटाटोप, आणि नडली पिशवी. आपल्या सोसायटीच्या ड्रेनेजची हीच कथा.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या यानांची जोडणी लांबली तेव्हा ग्रुपवर तू लिहिलं होतंस, "पुन्हा पुढे ढकललं, यांचं काही खरं नाही." १२ तारखेला यानं आधी १५ मीटरवर आणि मग ३ मीटरवर आणून परत मागे नेली, तेव्हाही तुझा तो हसणारा चेहरा आला. मला मात्र तीच चाल सगळ्यात भारी वाटली. तीन मीटरवर आल्यावर माघार घ्यायला छाती लागते. आणि तूच नाही का सांगायचास, की इंजिन डब्यापाशी एकदम नेत नाहीत, आधी अलीकडे थांबवायचं, सगळं नीट बघायचं, मग हात हलवत इंचाइंचाने बोलवायचं? १६ तारखेला ती जोडली गेली, अमेरिका, रशिया आणि चीननंतर आपण चौथे. मार्चमध्ये सुटी केली, एप्रिलमध्ये पुन्हा जोडली. सुटं करताही आलं पाहिजे, हे तुला वेगळं सांगायला नको.

गुरुवारी दुपारी प्लेट मोकळी आहे. दौंडहून सकाळची गाडी पकड. पोरांना मी सांगून ठेवलंय की खरा शंटिंगवाला येतोय. मला तुझं एक बघायचंय. हात हलवताना, कधी "अजून" आणि कधी "बस", हे तुला कशावरून कळायचं? पोरं तिथे सेन्सर लावायच्या विचारात आहेत आणि मला नेमकं सांगता येत नाहीये. एक तबकडी तू बोटाने ढकल. टक् असा आवाज आला तर वडे तुझ्याकडून, नाही आला तर माझ्याकडून. शर्ट मात्र पांढरा घालू नकोस.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या हातची शेंगदाण्याची चटणी आण, मागची डबी परत द्यायची राहिलीय.

तुझा,
आव्या