ताटाची डावी बाजू

पुणे,
12 नोव्हेंबर

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच हातात पडलं. दवाखान्यात रक्तदाब दोन वेळा मोजून 158/96 आला, डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही दाबाची गोळी सुरू केली आणि "मीठ कमी करा" एवढं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तू विचारतोस, कमी म्हणजे किती? आणि आमच्या घरी भाजीत मीठ बेतानंच पडतं, मग हे आलं कुठून? त्याखालचं वाक्य मी दोनदा वाचलं: "अप्पांच्या अंगावरून वारं गेलं तसं माझं होईल का?" म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो आहे. वहिनींनाही वाचायला दे, निम्मं त्यांच्याच अखत्यारीतलं आहे.

वारं जाणं म्हणजे पक्षाघात. आधी त्याचा धोका कशामुळे ते बघ. 2016 साली 32 देशांतल्या रुग्णांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, भारतातले रुग्णही त्यात होते. तिच्यात असं दिसलं की पक्षाघाताच्या एकूण धोक्यापैकी सुमारे नव्वद टक्के धोका अशा दहा गोष्टींशी जोडलेला आहे, ज्या बदलता येतात. त्यांत सगळ्यात मोठा वाटा वाढलेल्या रक्तदाबाचा, जवळजवळ निम्मा. कारण सरळ आहे. मेंदूच्या आतल्या भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मोठ्या वाहिनीतून थेट फुटतात, त्यामुळे मोठ्या वाहिनीतला दाब जवळजवळ तसाच त्यांच्यावर येतो. वर्षानुवर्षं तो सोसून त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. मग एखादी बुजते, नाहीतर फुटते. अप्पांच्या बाबतीत झालं म्हणून तुझ्या बाबतीत होईलच असं मुळीच नाही, पण घरात आहे म्हटल्यावर दाब आटोक्यात ठेवण्यात तुला हयगय चालणार नाही.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा. त्यात भाजी, आमटी, लोणचं, फरसाण सगळं आलं. रोज चमचे मोजत बसू नकोस. मिठाचं एक किलोचं पाकीट फोडशील त्या दिवशी त्याच्यावर तारीख लिही. तुम्ही घरात चौघं, म्हणजे दिवसाला 20 ग्रॅम, म्हणजे पाकीट 50 दिवस पुरायला हवं. बाहेरचं काही खात असाल तर त्याहून जास्त. ते 25-30 दिवसांत संपत असेल तर "बेतानंच" या शब्दाला काही अर्थ नाही.

आणि ते भाजीत नाहीच, दिनकर. आपल्या जेवणात भाकरीला मीठ नाही, भाताला नाही. सगळा घोळ ताटाच्या डाव्या बाजूला आहे. बघ, कैरीच्या लोणच्याला एक किलो फोडींमागे दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ जातं, म्हणजे खारासकट एक मोठी फोड घेतलीस की दीड ग्रॅमच्या आसपास झालं. उडदाच्या एका पापडात साधारण अर्धा ग्रॅम, शिवाय पापडखार हाही सोडियमचाच, आणि मिठातलं दाब चढवणारं तेच. ताकात पाव चमचा टाकलं की सव्वा ग्रॅम. ठेच्याचं तर तुला सांगायलाच नको, खलबत्त्यात मिरचीबरोबर मूठ सैल सुटते. हे सगळं एका जेवणाचं. संध्याकाळचं फरसाण आणि रविवारची मिसळ मी अजून धरलेलीच नाही. पाव गोडसर लागतो म्हणून फसू नकोस, त्यातही मीठ असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की वहिनींच्या भाजीला हात लावण्याआधी डावी बाजू बदल. लिंबू ठेव, कोशिंबीर ठेव आणि ती वाटीभर कर. तिला मीठ नको, दाण्याचं कूट, लिंबू आणि जिऱ्याची फोडणी पुरते. जवसाची, कारळाची, तिळाची चटणी बिनमिठाची करून बघा. लसूण आणि लाल तिखट नीट भाजलेलं असेल तर उणीव फारशी जाणवत नाही. लोणचं आठवड्यातून एकदा, बोटभर. पापड सणाला. ताक जिरेपूड आणि कोथिंबीर घालून. आंबटपणासाठी कोकमाचं आगळ वापरत असाल तर ते मिठातच टिकवलेलं असतं हे लक्षात ठेवा आणि त्या दिवशी आमटीत वेगळं मीठ घालू नका.

भाजीतलं मीठ एकदम तोडू नका. एकदम तोडलं की चौथ्या दिवशी मिठाची वाटी ताटाशेजारी येते आणि सगळं मुसळ केरात. पहिल्या आठवड्यात पाव हिस्सा कमी करा, दोन-तीन आठवडे तिथंच थांबा, मग आणखी पाव. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण ती होते. उसळ-आमटीत मीठ शेवटी घाला. आधी घातलेलं आत मुरतं, चव लागत नाही म्हणून वरून पुन्हा पडतं. पाकिटातल्या वस्तूवर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणायचं: 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. पित्तासाठी पाण्यात फसफसणाऱ्या पुड्या आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम भरपूर असतं, ते कुणी मोजत नाही.

सैंधवाचं विचारलं आहेस. सैंधव म्हणजेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. दाबाच्या दृष्टीनं काही फरक नाही, उलट बहुतेक वेळा त्यात आयोडीन नसतं. पोटॅशियम घातलेलं कमी सोडियमचं मीठ ही मात्र वेगळी गोष्ट आहे. चीनमधल्या 600 गावांत सुमारे 21 हजार लोकांवर याची चाचणी झाली, बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला आणि बाकीचे साठीपुढचे, रक्तदाब असलेले. निम्म्या गावांत तीन हिस्से साधं आणि एक हिस्सा पोटॅशियमचं मीठ दिलं. 2021 साली निष्कर्ष आले: पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी. पण थांब, दुकानात जाऊ नकोस. टेल्मिसार्टन शरीरातलं पोटॅशियम वाढवते. मूत्रपिंड थोडंसुद्धा अशक्त असेल तर ते इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून घे, अहवाल डॉक्टरांना दाखव, त्यांनी हो म्हटलं तरच ते मीठ आण. अहवाल चांगला असेल तर मोड आलेली मटकी, पालेभाजी, रताळं, केळं यांतून येणारं पोटॅशियम तुला फायद्याचंच आहे. पालेभाजी उकडून पाणी ओतून देत असाल तर ते बंद करा, बरंचसं पोटॅशियम त्या पाण्यात जातं.

गुडघ्यासाठी तू औषधाच्या दुकानातून परस्पर डायक्लोफेनॅक घेतोस, ते आधी थांबव. ती गोळी अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवते, दाब चढवते आणि टेल्मिसार्टनच्या जोडीनं मूत्रपिंडाला त्रास देते. डॉक्टरांना गुडघ्याचं स्वतंत्र सांग.

दाब घरी मोजायला शीक. दंडाचं यंत्र घे, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, आखूड पडला तर आकडा खोटा चढतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नाही. लघवी करून ये. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बस. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि रात्री तसंच दोनदा. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढ. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून वर असेल तर दाब वाढलेला समजतात. एखाद्या दिवशीच्या आकड्यानं घाबरू नकोस आणि निर्धास्तही होऊ नकोस. सरासरी चांगली आली म्हणून गोळी मात्र सोडायची नाही, ती गोळीमुळेच चांगली आलेली असते. मीठ कमी केल्यावर उठताना गरगरलं तर डॉक्टरांना सांग, मात्रा तेच ठरवतील. यंत्रावर ठोके अनियमित असल्याची खूण वारंवार दिसली तर ईसीजी काढून घे. हृदयाच्या अशा ठोक्यांत गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, आणि तिचं औषध वेगळं असतं.

आता तंबाखूचं. चिडशील, पण लिहिणारच. चुना लावून मळलेली प्रत्येक चिमूट काही काळ दाब आणि नाडी दोन्ही वाढवते, आणि तू दिवसातून आठ-दहा वेळा मळतोस. धूर नाही म्हणून रक्तवाहिन्यांना काही होत नाही असं नाही. 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, तिथं सोडायला मदत करतात. निकोटिनचं गम घेतलंस तर ते पानासारखं चघळत राहू नकोस. चुरचुरायला लागलं की गालात धरून ठेव, चुरचुर थांबली की पुन्हा दोनदा चाव. चहानंतर पंधरा मिनिटं घेऊ नकोस, काम करत नाही.

चालण्याबद्दल थोडक्यात: आठवड्यात 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, आणि तळून उरलेलं पुन्हा कढईत नको. साखरेची तपासणी वर्षातून एकदा. वहिनी म्हणतात तू फार घोरतोस, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो. ते डॉक्टरांना त्यांच्याच तोंडून सांगू दे, झोपेत श्वास थांबत असेल तर दाब बऱ्याचदा गोळ्यांना नीट दाद देत नाही.

शेवटचं वहिनींसाठी. चेहऱ्याची एक बाजू अचानक लोंबली, एक हात वर धरता येईना, बोलणं अडखळलं, एका डोळ्यानं दिसेनासं झालं किंवा तोल गेला, तर घड्याळ बघायचं आणि शेवटचं नीट कधी होतं ती वेळ लिहून ठेवायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन पाहून. पाणी पाजायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण वाहिनी बुजली आहे की फुटली आहे हे स्कॅनशिवाय कळत नाही. दाबाची जादा गोळी नाही, मालिश नाही, नाकात थेंब नाहीत. 108 ला फोन. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी त्याच दिवशी दवाखाना, पुढचे दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. रात्रंदिवस सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन तुमच्या जवळ कुठल्या रुग्णालयात आहे, ते याच आठवड्यात विचारून फ्रिजवर चिकटवा.

सात दिवसांचे आकडे मला पाठव, आणि मिठाच्या पाकिटावर कुठली तारीख घातलीस तेही. अप्पांना नमस्कार, वहिनींना सांग कारळाच्या चटणीचं प्रमाण पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा,
श्रीकांत