दहा पिशव्यांवरून मशीनला सर्टिफिकेट देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

अर्धा लिटर दुधाच्या पिशव्यांवरची तुमच्या शहर पुरवणीतली बातमी वाचली. दहा पिशव्या मोजल्या, सरासरी 501 मिली आली, सबब ग्राहकाला माप पूर्ण मिळतंय, असं लिहिलंय. माझा रोजचा संबंध फिलिंग मशीनच्या क्वालिटीशी येतो, त्यामुळे राहवलं नाही.

आधी एक बारीक शंका. फोटोत वजनकाटा दिसतोय. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, 500 मिली दूध साधारण 515 ग्रॅम भरतं, म्हणजे काट्यावरचे 501 ग्रॅम जर तसेच मिली म्हणून छापले असतील तर बातमी उलटीच व्हायला पाहिजे होती. तुम्ही हिशोब करूनच छापलं असणार असं धरून पुढे लिहितो.

सरासरी 501 आली पण पिशवी पिशवीत फरक किती? बातमीतल्या दहा आकड्यांवरून मी एसडी काढला (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप), तो जवळपास 5 मिली येतो. सरासरी 501 आणि एसडी 5 म्हणजे शंभरातल्या चाळीसेक पिशव्या 500 च्या खालीच, आणि कायद्यात ते चालतं, कारण पॅकिंगच्या नियमात सरासरी छापील मापाच्या खाली जायला नको आणि एकेका पाकिटात ठराविक तूट चालते, 500 मिलीला ती 15 मिली. म्हणजे खरा प्रश्न 485 च्या खाली किती पिशव्या जातात हा आहे, आणि तो सरासरीपेक्षा व्हेरियन्सवर, म्हणजे एसडीच्या वर्गावर, जास्त अवलंबून आहे.

आता गंमत बघा. हा 5 फक्त दहा पिशव्यांचा आहे, मशीनचा खरा एसडी नाही. खऱ्या व्हेरियन्सचा अंदाज काढायला काय-स्क्वेअर नावाचं तयार टेबल असतं, त्यातून 9 डिग्री ऑफ फ्रीडमचे (पिशव्यांपेक्षा एक कमी) दोन आकडे घ्यायचे, 2.70 आणि 19.02, आणि 9 गुणिले 25 (5 चा वर्ग) म्हणजे 225 ला त्यांनी भागायचं. 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असेल असं 95 टक्के भरवशाने म्हणता येतं तो पट्टा, व्हेरियन्ससाठी साधारण 12 ते 83 येतो, वर्गमूळ काढलं की एसडी 3.4 ते 9.1. खरा एसडी 3.4 असेल तर 485 च्या खाली पिशवी सापडणारच नाही म्हटलं तरी चालेल, आणि 9.1 असेल तर शंभरात जवळपास चार सापडतील. दहा पिशव्यांचा डेटा या दोन्ही गोष्टींना हो म्हणतोय. मग ‘माप पूर्ण’ कुठून आणलं?

उलट बाजूनेही तेच. समजा कंपनी म्हणते आमच्या मशीनचा एसडी 4 आहे. 225 भागिले 16 (4 चा वर्ग) म्हणजे 14.06, त्याच टेबलातली पाच टक्क्याची मर्यादा (कंपनी खरी असेल तर शंभरात पाचदाच ओलांडली जाते ती) 16.92, त्यामुळे दहा पिशव्यांवर कंपनीला खोटं पाडता येत नाही. तोच 5 एसडी तीस पिशव्यांवर आला असता तर आकडा (29 गुणिले 25 भागिले 16) 45.3 झाला असता, मर्यादा 42.56, आणि कंपनी अडकली असती. मर्यादा ओलांडली नाही म्हणून मशीन चांगलं ठरत नाही, फक्त पुरावा कमी पडला एवढंच.

शेवटच्या चौकटीत दुसऱ्या डेअरीचं माप ‘जास्त एकसारखं’ म्हटलंय, तिथे एसडी 3 येतो. दोन व्हेरियन्सच्या भागाकाराला एफ म्हणतात, 25 भागिले 9 म्हणजे एफ 2.78, आणि दहा-दहा पिशव्यांना दोन्ही बाजूंच्या टेस्टमध्ये (कुठल्याही डेअरीचा फरक जास्त असू शकतो असं धरून) तो 4.03 च्या वर जावा लागतो. फरक सिद्ध नाही, एका डेअरीचं नाव उगाच खराब झालं.

आणि हे सगळं गणित आकडे नॉर्मल, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले, असतील तरच. काही मशीनला दोन हेड (दूध सोडणारी तोंडं) असतात, एक थोडं जास्त सोडतं एक कमी, तिथे आकड्यांचे दोन घोळके होतात आणि मग काय-स्क्वेअर न् एफ दोन्ही बिघडतात, सॅम्पल वाढवूनही नीट होत नाहीत. सरासरीची टेस्ट असल्या गोष्टी बऱ्यापैकी सहन करते, व्हेरियन्सची नाही. संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज बॉक्सने 1953 सालीच लिहून ठेवलंय की सरासरीच्या टेस्टआधी व्हेरियन्स तपासणं म्हणजे मोठं जहाज सोडण्याइतका समुद्र शांत आहे का हे बघायला वल्ह्याची होडी घेऊन जाणं. म्हणून आम्ही अशा वेळी व्हेरियन्स तपासायला 1960 ची लेव्हीनची टेस्ट वापरतो, मध्यकावरून (आकडे क्रमाने लावल्यावर मधला येतो तो) अंतरं घेऊन. व्हेरियन्स वेगळे असताना दोन सरासऱ्यांची तुलना कशी करायची यावर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांनी 1938 साली ‘संख्या’ या संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये पेपर लिहिला होता, हे किती मराठी पेपरवाल्यांना माहितीये कोण जाणे.

पुढच्या वेळी बातमी कराल तेव्हा निदान तीस पिशव्या घ्या, आणि एकाच दुकानातल्या एकाच क्रेटमधल्या नकोत, कारण त्या बहुतेक पाच मिनिटांच्या अंतराने भरलेल्या असतात आणि त्यांच्यातला फरक त्या पाच मिनिटांचाच असतो, सकाळच्या शिफ्टला सेटिंग हललं का हे त्यात दिसतच नाही. वेगवेगळे दिवस, वेगवेगळे बॅच नंबर घ्या, आणि सगळी रीडिंग छापा, सरासरी आम्ही काढून घेऊ.

– एक क्वालिटीवाला, चिंचवड