बेंगळुरूच्या भाषणासाठी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

१ मेला मंडळात पाच मिनिटं बोलायचंय, महाराष्ट्राबद्दल काय सांगू, असं तू विचारलंस. फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहितेय. तुझे बाबा म्हणतात, साल्हेरच्या लढाईपासून सुरुवात कर. १६७२ साली आपल्या बागलाणात मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं. आपल्याला नुसता गनिमी कावा येत होता म्हणणाऱ्यांना ते ऐकवच. पण तुझ्याआधीचे चारही वक्ते किल्लेच सांगणार, बघ.

तू आपल्या नाशकातली पांडवलेणी सांग. शाळेच्या सहलीत तिथे डबे खाल्लेत, भिंतीवरची अक्षरं कोणी पाहिली असतील असं वाटत नाही. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. नातू पुळुमावी गादीवर असताना तिनं ते लेणं भिक्खूंना दान दिलं आणि दानाच्या लेखात लेकाचंच कौतुक केलं, ओळींमागून ओळी. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, शक-यवन-पल्हवांना त्यानं धुळीला मिळवलं. आणि त्याच दमात, तो प्रजेच्या सुखदुःखात वाटेकरी होता, आईच्या सेवेत कधी खंड पडू दिला नाही. दगडात कोरून ठेवलंय बाईनं! (तुला टोमणा नाही हा. बरं, थोडासा आहे.) राजाच्या नावाआधी आईचं नाव लावणारी माणसं या मातीत राज्य करून गेली, याचा मला किल्ल्यांइतकाच अभिमान आहे.

मात्र तिथेच थांबलीस तर मला आवडणार नाही. आपण ज्या काळारामाला जातो, त्याचे दरवाजे दलितांना बंद होते. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी तिथे सत्याग्रह सुरू केला, आपल्या जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड सोबत होते. माणसं वर्षानुवर्षं झगडली, दार उघडलं नाही. मग १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. हे वगळून कुणी महाराष्ट्राचा जयजयकार केला की मला तो पोकळ वाटतो. झगडणारेही महाराष्ट्राचेच होते, आणि अभिमान धरायचा तर त्यांचा आधी.

शेवटी वेळ उरला तर रहाडी सांग, लोक हसतील. आपल्याकडे धुळवडीला नाही, रंगपंचमीला रंग. जुन्या नाशकात वर्षभर बुजवलेले पेशवेकालीन हौद उकरायचे, प्रत्येकाचा रंग ठरलेला, आणि त्यात धप्पा मारायचा, म्हणजे धपकन उडी. तू लहानपणी काठावरूनच रडत परत आली होतीस, ते सांगितलं नाहीस तरी चालेल.

भाषण पाठ करू नकोस, कागदावर चार मुद्दे लिहून ने. कन्नड मित्रमैत्रिणी येणार असतील तर दोन वाक्यं त्यांच्या भाषेत बोल, आपलं काही कमी होत नाही त्यानं.

येवल्याची पैठणी नेसणार असशील तर लगेच कळव, कुरियरवाल्याचा भरवसा नाही. चिवडा सोबत टाकतेच आहे. बाबांनी पुन्हा बजावलंय, साल्हेर विसरू नकोस.

तुझी,
आई

नाशिक