पिल्लांच्या लसीची कार्डं मी छापतो, म्हणून हे पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : कुत्र्याच्या पिल्लांचं लसीकरण आणि त्याचं कार्ड.

सविनय नमस्कार.

तालुक्याच्या गावात माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीत वर्गणीची बुकं, निवडणुका लागल्या की हँडबिलं. गेल्या सात-आठ वर्षांत त्यात एका नव्या कामाची भर पडली, ती म्हणजे कुत्र्यांच्या लसीकरणाची कार्डं. चार पानं, चकचकीत आर्ट पेपर, वर जीभ बाहेर काढलेला लॅब्राडॉर, आत रकाने : तारीख, लस, पुढची तारीख, डॉक्टरांची सही. ऑर्डर कधी दवाखान्याची असते, कधी औषध दुकानाची, कधी पिल्लं विकणाऱ्याची. तुम्ही कोण, असं मी आजवर कुणालाही विचारलेलं नाही. पत्रिका छापताना तरी नवरामुलगा खरा आहे का, हे कुठे विचारतो?

गेल्या वर्षी ९ नोव्हेंबरला, रविवारी, धाकट्या लेकीच्या हट्टापायी जिल्ह्याच्या गावाहून एक पिल्लू आणलं. लॅब्राडॉर, पंचेचाळीस दिवसांचं. “दोन डोस झालेत, आता बघायला नको,” असं म्हणत विकणाऱ्याने कार्ड हातात ठेवलं. लेकीने गाडीतच नाव ठेवलं, ब्रुनो. मंगळवारी सकाळी त्याने दुधाला तोंड लावलं नाही. दुपारी उलट्या सुरू झाल्या. रात्री जुलाब लागले, रक्ताचे, आणि त्यांना जो वास होता तो एकदा नाकात बसला की जात नाही. डॉक्टर दारातच थांबले. आत यायच्या आधीच म्हणाले, पार्व्हो. पिल्लांना होणारा, विषाणूमुळे येणारा रक्ताच्या जुलाबांचा रोग.

मग सलाईन. एवढ्याशा पिल्लाच्या पायाची शीर दोऱ्याएवढी असते, सुई दोनदा निसटली. लेक रात्रभर बाटली धरून बसायची. शनिवारी पहाटे ते गेलं. खर्च किती झाला ते लिहीत नाही, पत्राचा विषय तो नाही.

त्या रात्री मी ते कार्ड पहिल्यांदा नीट वाचलं. ९ नोव्हेंबरला पंचेचाळीस दिवसांचं, म्हणजे जन्म २५ सप्टेंबरचा. कार्डावर पहिल्या डोसची तारीख १२ ऑक्टोबर. बोटांवर मोजलं, सतरा दिवस! कुत्र्याच्या पिल्लाचे डोळेच दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. म्हणजे जग दिसायला लागून जेमतेम चार दिवस झालेल्या जिवाला लस दिली, असं ते कार्ड म्हणत होतं. दुसरा डोस २ नोव्हेंबरचा. दोन्ही रकान्यांत स्टिकर होते. लसीच्या बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात, ते. चार रंग एकमेकांवर नीट बसलेत का हे बघायला माझ्याकडे भिंग असतं, ते लावलं. पहिल्या स्टिकरवर बॅच नंबर मागाहून वेगळा मारलेला दिसत होता, खऱ्या लेबलांवर बहुधा असतो तसा. दुसऱ्यावर तोच नंबर बाकी मजकुराबरोबर रेघारेघांत उतरलेला. रंगीत झेरॉक्स होती ती, पहिल्या स्टिकरचीच, कात्रीने कापलेली. सहीच्या जागी एक वेलांटी, खाली ना नाव ना नोंदणी क्रमांक.

आणि मागच्या पानाच्या तळाशी, सहा पॉइंटाच्या बारीक अक्षरांत, मुद्रक म्हणून माझ्याच छापखान्याचं नाव.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या घरी लागण झाली, आमच्याकडनं गेलं तेव्हा ठणठणीत होतं. डॉक्टरांना विचारलं. हा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन-चार दिवसांपासून आठवडा लागतो. आमच्याकडे येऊन ते तिसऱ्याच दिवशी मलूल झालं. पण फोनवर हे कुणाला पटवून सांगणार, आणि पुरावा काय दाखवणार? पुरावा म्हणून जो कागद हातात होता तो मीच छापलेला.

आता आपल्या खात्याशी संबंधित गोष्ट. ‘पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू’ हा बाजारातला चलनी शब्द आहे, हापूसच्या पेटीसारखा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याच्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आले, २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे. दोन्हींत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. पैदास करणाऱ्याने लस टोचून आणि मायक्रोचिप बसवूनच पिल्लू द्यायचं, आणि धंद्याची नोंदणी राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे करायची, हेही त्यात आहे. म्हणजे जो आकडा पाटीवर लिहून उघड सांगितला जातो तोच नियमाला अकरा दिवसांनी कमी आहे, आणि तो ऐकून कुणाची भुवई वर जात नाही. माझीही गेली नव्हती.

घाई का असते, तेही मला नंतर कळलं. पिल्लू जितकं लहान तितकं गोजिरं, खाणं कमी, आणि आजारी पडण्याआधी दुसऱ्याच्या घरात गेलेलं बरं.

पण फसवणूक नसती, कार्ड अगदी खरं असतं, तरी ब्रुनो वाचला असता असं नाही. हे मला आमच्या डॉक्टरांनी नंतर शांतपणे समजावलं, आणि लस ‘दिली की झाली’ असं समजणाऱ्या प्रत्येकाला ते कळायला हवं. गाय व्याली की पहिल्या दिवसांत जो चीक येतो, ज्याचा आपण खरवस करतो, तसाच चीक कुत्रीलाही येतो. त्यातून आईची रोगाशी लढायची ताकद पिल्लाला मिळते. ती चांगली गोष्ट, पण लसीतला दुबळा केलेला विषाणूसुद्धा ती मारून टाकते. लस टोचली जाते आणि वाया जाते. चिकाची ही ताकद कुणात सहाव्या आठवड्यात ओसरते, कुणात सोळाव्या. बाहेरून बघून ते ओळखता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत किंवा थोडं पुढे डोस देत राहायचं, असं जगभरचे पशुवैद्य सांगतात. डोस किती झाले यापेक्षा शेवटचा कितव्या आठवड्यात झाला, हे महत्त्वाचं. मी छापलेल्या हजारो कार्डांवर वयाचा रकानाच नाही! ‘पहिला, दुसरा, तिसरा’ एवढंच. अडीच महिन्यांत तीन रकाने भरले की माणूस निर्धास्त होतो, आणि चौथ्या महिन्यात पिल्लू जातं.

आमच्याच गल्लीत तसं झालेलं आहे. तेव्हा आम्ही ‘लस खराब निघाली’ म्हणून मोकळे झालो होतो.

यंदा जूनमध्ये आम्ही दुसरं पिल्लू आणलं. मधे सात महिने जाऊ दिले, कारण पार्व्होचा विषाणू घरात, अंगणात महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. ब्लीचिंगच्या पाण्याने दोनदा फरशी धुतली, जुनी गोधडी जाळली. हे पिल्लू गावठी, भाताच्या गिरणीमागे व्यालेल्या कुत्रीचं, दोन महिन्यांचं. लेकीने नाव ठेवलं ठकी. बापाला ठकवलं म्हणून की काय, विचारलं नाही.

या वेळी सगळं रीतसर करायचं ठरवून सरकारी दवाखान्यात गेलो. तिथले पशुधन पर्यवेक्षक भला माणूस. त्यांनी फ्रिज उघडून दाखवला. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, शेळ्यांची पीपीआर. “रेबीजची येते अधूनमधून, आली की टोचू. पिल्लाची ती नाइन-इन-वन, पार्व्होसकट अनेक रोगांवरची एकच लस, आपल्याकडं नसते. बाहेरून आणा, साहेब आले की टोचतील.” औषध दुकानातून आणली. दुकानदाराने डोकेदुखीच्या गोळ्या द्याव्यात तशी कॅरीबॅगेत टाकून दिली. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी हे मला तोवर पाठ झालं होतं, म्हणून शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडून बर्फ मागून डब्यात भरला आणि बाटल्या त्यात रुतवून ऐटीत दवाखान्यात गेलो. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. पातळ लस गोठली की तीही कामातून जाते. परत दुकानात. या वेळी बर्फावर वर्तमानपत्राची घडी, तिच्यावर बाटल्या. एका बाटलीत तळाशी पांढरी वडी, दुसरीत ती पाण्यासारखी पातळ लस. ती वडीत सोडून बाटली हळू फिरवली, सगळं विरघळलं आणि लगेच टोचलं. खरं लेबल सोलून कार्डावर लावलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा समोर बघितलं.

तक्रार त्या दवाखान्याची नाही. गाई-म्हशींनाच माणसं पुरत नाहीत तिथे, आणि दुभतं जनावर आधी, हे मलाही मान्य आहे. पण हेच खातं मनावर घेतं तेव्हा काय करतं, तेही आम्ही पाहिलंय. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गोठ्यागोठ्यात येऊन गाई-बैलांना फुकट लस टोचली गेली. आज माझ्या मेहुण्याच्या गाईच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आहे. तो नंबर टाकला की तिची नोंद निघते. माणसाचं मूल जन्मलं की सरकारी कार्ड मिळतं आणि आशाताई ते उघडून विचारते, पुढचा डोस कधी. फक्त कुत्र्याच्या पिल्लाचं कार्ड कुणीही छापून घ्यावं, कुणीही भरावं.

आणि हा निव्वळ हौशी लोकांचा प्रश्न नाही. त्याच कार्डावर रेबीजचा रकाना असतो. ती लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला देतात, म्हणजे दीड-दोन महिन्यांचं पिल्लू विकतानाच ती ‘झालेली’ असली तर कार्ड खोटं आहे हे तिथेच ओळखावं. लहान पिल्लाच्या दुधाच्या दातांनी काय होतंय, असं समजून लोक ओरखडा धुतसुद्धा नाहीत. रेबीज पिल्लालाही होतो, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. माझ्या वडिलांनी बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतली होती, ती आठवण आमच्या घरात अजून सांगतात. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने २०२१ च्या २८ सप्टेंबरला, रेबीज दिनी, जाहीर केला. साखळी तुटायला शंभरातल्या किमान सत्तर कुत्र्यांना लस हवी, असं त्यात धरलेलं आहे. सत्तर मोजणार कशावरून? माझ्या कार्डांवरून?

म्हणून मागणं असं. पिल्लाच्या लसीचं कार्ड आपल्या खात्याने काढावं, मराठीत, अनुक्रमांकासह. पावतीपुस्तकाला असतं तसं त्याला स्थळप्रत ठेवावी. एक भाग मालकाकडे, एक टोचणाऱ्या पशुवैद्याकडे. सहीखाली पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहिणं सक्तीचं करावं. १९८४ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्याशिवाय दुसऱ्या कुणाला प्रमाणपत्रावर सही करताच येत नाही, पण गिऱ्हाईकाला ते ठाऊक नसतं. प्रत्येक डोसपुढे ‘वय, आठवडे’ हा रकाना हवा, आणि तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ : सोळा आठवडे पुरे झाल्यावरचा डोस झाल्याशिवाय हे कार्ड पूर्ण नाही. असं कार्ड नसेल तर विक्री नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, २०१७ आणि २०१८ च्या नियमांत जे आहे ते तपासायला कुणीतरी दुकानात जायला हवं, एवढंच. आणि तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तरी पिल्लांची लस पैसे घेऊन का होईना मिळावी, म्हणजे माझ्यासारख्याने बर्फाचा डबा घेऊन धावायला नको. रेबीजची मात्र बारा महिने असावी, ‘आली की’ नको.

कार्डाचा नमुना मी स्वतः जुळवून सोबत जोडला आहे. अनुक्रमांकाचं यंत्र माझ्याकडे आहे, पण काम मलाच मिळावं म्हणून हे लिहिलेलं नाही. सरकारी छापखान्यात छापा.

ठकीचा सोळा आठवड्यांनंतरचा डोस ऑगस्टमध्ये झाला. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या गावाहून त्याच विकणाऱ्याचा माणूस आला होता. दिवाळीच्या आत पाचशे कार्डं हवीत, चित्र तेच, मजकूर तोच. त्याला माझी ओळख नव्हती, मला त्याची पुरती होती. मी नाही म्हणून सांगितलं. त्याने कारणही विचारलं नाही. शेजारच्या तालुक्यात माझ्याहून स्वस्तात छापून मिळतात, एवढं म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

आपला नम्र,
एक छापखानेवाला