पुनरावृत्ती म्हणजे यांत्रिकता नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावर प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळावे ही आनंदाची गोष्ट आहे, म्हणूनच त्यातील एका परिच्छेदाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. 'ऑर्बिटल' या ब्रिटिश जोडीचा उल्लेख लेखकाने तीन वाक्यांत उरकला आहे. हे दोघे मित्र असल्याचे पहिले वाक्य सांगते, गोव्याच्या किनाऱ्यावरील पार्ट्यांतून त्यांना स्फूर्ती मिळाल्याचे दुसरे सांगते, आणि तिसऱ्या वाक्यानुसार त्यांचे संगीत 'एकदा बटण दाबले की तासभर आपोआप चालणारे' आहे. पहिली चूक किरकोळ आहे, दुसरी ढोबळ आहे. तिसरे विधान मात्र मत म्हणून मांडले गेले आहे, आणि मताला हरकत कशी घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. परंतु ते मत ज्या समजुतीवर उभे आहे ती समजूत या जोडीच्या कारकिर्दीची पहिली पाच-सहा वर्षे पाहिली तर टिकत नाही, असे ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला वाटते.

फिल आणि पॉल हार्टनॉल हे सख्खे भाऊ. फिल १९६४ चा, पॉल १९६८ चा. इंग्लंडच्या आग्नेयेकडील केंट परगण्यात, सेव्हनओक्स या गावाच्या परिसरात ते वाढले. त्यांच्या कानांवरचे संस्कार पंक या बंडखोर रॉक संगीताचे, क्राफ्टवर्क या जर्मन गटाचे आणि अमेरिकेतून येणाऱ्या इलेक्ट्रो या ड्रम मशीनवरच्या नृत्यसंगीताचे होते. गोव्यातील अंजुणे-वागातोरच्या किनाऱ्यांवर घडलेली ट्रान्स ही नृत्यसंगीताची निराळी परंपरा आहे आणि तिचा इतिहास तेवढाच रंजक आहे, पण प्रत्येक रात्रभराच्या नाचाचे मूळ गोव्यात शोधण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. या भावांचा 'किनारा' होता तो डांबराचा! लंडनभोवती वर्तुळाकार फिरणारा एम-२५ हा सुमारे १८८ किलोमीटरचा महामार्ग १९८६ मध्ये पूर्ण झाला आणि अशा रस्त्याला इंग्रजीत 'ऑर्बिटल' म्हणतात. जोडीचे नाव तेथून आले.

ते नाव का घेतले, हे १९८९ च्या उन्हाळ्यात त्या रस्त्यावर काय चालले होते ते ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. लंडनचे क्लब रात्री लवकर बंद होत, म्हणून आयोजकांनी शहराबाहेरची शेते, गोदामे आणि विमानांचे हँगर शोधले. तिकीट आधी विकले जाई, ठिकाण मात्र गुप्त राही. ठरावीक दूरध्वनी क्रमांक फिरवला की ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येई, त्याप्रमाणे महामार्गावरील विश्रांतिस्थानांवर मोटारींचे ताफे जमत, आणि पोलिसांना अडवता येणार नाही इतकी गर्दी झाली की शेवटचा पत्ता सांगितला जाई. त्या जूनमध्ये बर्कशायरमधील व्हाइट वॉल्थम येथील धावपट्टीवर 'सनराइज' या आयोजकांच्या पार्टीला सुमारे ११,००० लोक जमले होते. दुसऱ्या दिवशी तेथील सनसनाटी वृत्तपत्रांनी जो गहजब केला त्यातून पुढचे कायदे जन्माला आले. त्यांच्याकडे मी नंतर वळतो.

आता 'बटणा'कडे. ऑर्बिटलची पहिली प्रसिद्ध रचना 'चाइम' १९८९ मध्ये आईवडिलांच्या घरी, जिन्याखालच्या जागेत थाटलेल्या घरगुती स्टुडिओत तयार झाली आणि वडिलांच्या कॅसेट डेकवर उतरवली गेली. आजच्या तरुण वाचकांसाठी याचा अर्थ थोडा उलगडून सांगायला हवा. संगणकावर आज प्रत्येक आवाजाची स्वतंत्र पट्टी असते. ती महिनाभराने उघडून दुरुस्त करता येते. साध्या कॅसेट डेकवर सगळे आवाज एकत्र मिसळूनच फितीवर जातात, आणि एकदा गेले की ते परत सुटे होत नाहीत. ड्रम मशीन आणि सिंथेसायझर आपापली लहान वर्तुळे वाजवत राहतात हे खरे, पण कोणते वर्तुळ कोणत्या क्षणी आत घ्यायचे, कोणते बाहेर काढायचे, कोणत्या आवाजाची धार किती आवर्तनांनंतर वाढवायची, हे फीत फिरत असताना हातानेच करावे लागते. 'चाइम' ऐकताना घंटेसारखा तो स्वरसमूह वर येतो आणि ठेका गळून पडतो, तेव्हा आपण एका माणसाच्या बोटांचा निर्णय ऐकत असतो. जॅझी एम या डीजेने डिसेंबर १९८९ मध्ये ती आपल्या छोट्या लेबलवर तबकडीरूपात काढली, पुढच्या वर्षी एफएफआरआर या मोठ्या लेबलने ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत ती १७ व्या क्रमांकापर्यंत पोचली. कॅसेटवरून यादीत १७ वा क्रमांक! हे लिहितानाही मला थोडे हसू येते, कारण आमच्या धंद्यात कॅसेटवरचा 'मास्टर' घेऊन आलेल्या माणसाला बहुधा चहा पाजून परत पाठवले जाते.

याच यशामुळे मार्च १९९० मध्ये दोघे भाऊ बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात दिसले, आणि 'बटण दाबणारे' हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बहुधा येथेच. त्या कार्यक्रमाचा रिवाज वाजवल्याचा अभिनय करण्याचा होता. गिटारवाले तार न छेडता हात फिरवत आणि प्रेक्षकांना ते चाले. या दोघांनी यंत्रे समोर मांडली, ती जोडलेली नाहीत हे लपवण्याची फारशी तसदी घेतली नाही, आणि वाजवण्याचे नाटक जवळपास केलेच नाही. अंगात टी-शर्ट होते ते थॅचर सरकारच्या पोल टॅक्सला, म्हणजे दरडोई आकारायच्या स्थानिक कराला, विरोध करणारे. तो कर इंग्लंडमध्ये १ एप्रिलपासून लागू व्हायचा होता आणि ३१ मार्च रोजी लंडनच्या ट्राफल्गार चौकात त्याविरुद्ध मोठी दंगल उसळली. त्यानंतर अनेक वर्षे त्यांना त्या कार्यक्रमात बोलावणे आले नाही. वाजवण्याचे सोंग न आणणे हा प्रामाणिकपणा ठरायला हवा होता. तो आळस ठरला.

प्रत्यक्ष मैफलीत ते काय करीत, हे मात्र आपल्या लेखकाने अवश्य पाहावे. अलेसिस कंपनीचे एमएमटी-८ हे साधे सिक्वेन्सर, म्हणजे सुरांचा क्रम साठवून तो सिंथेसायझरकडून वाजवून घेणारे यंत्र, ते रंगमंचावर वापरीत. या यंत्रात आठ ट्रॅक असतात आणि प्रत्येक ट्रॅक चालू-बंद करायला एक बटण असते. म्हणजे बटणे होतीच, पण ती एकदा दाबून खुर्चीत बसण्याची सोय नव्हती. रचनेचा क्रम आणि लांबी आधीपासून बांधलेली नसे, समोरची गर्दी पाहून एखादा भाग दुपटीने लांबवला जाई आणि एखादा गुंडाळला जाई. कपाळाच्या दोन्ही बाजूंना लहान दिवे लावलेले चष्मे ही त्यांची ओळख झाली. आपल्या लेखासोबतच्या छायाचित्राखाली त्यांचे वर्णन 'भविष्यवेधी वेषभूषा' असे छापले आहे. वास्तविक अंधाऱ्या रंगमंचावर कोणते बटण कुठे आहे ते दिसावे म्हणून केलेली ती सोय होती. ज्याला एकच बटण दाबायचे असते त्याला दिव्याची गरज भासत नाही.

येथे मूळ मुद्दा येतो तो पुनरावृत्तीचा. एकच वाक्य पुनःपुन्हा वाजते, म्हणून त्यामागे कसब नाही, असा लेखाचा सूर आहे. एकल तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर धरलेला लेहरा तासभर त्याच सुरावटीत फिरत असतो, आणि तो स्थिर असतो म्हणूनच तबलजीचे कायदे-रेले कानाला कळतात, हे मराठी श्रोत्याला वेगळे समजवायला नको. ऑर्बिटलची गंमत अशी की त्यांनी लेहरा आणि विस्तार हे दोन्ही त्याच यंत्रांतून काढले, आणि पुनरावृत्तीलाच विषय बनवले. १९९१ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथेच्या तेव्हाच्या नव्या दूरचित्रवाणी मालिकेतील एक संवाद येतो, ज्यात काळाचे वर्तुळ होण्याची कल्पना आहे. १९९३ ची दुसरी ध्वनिमुद्रिका लावली की पुन्हा तेच शब्द कानी पडतात, आणि अनेकांना चुकीची तबकडी घरी आणल्याचा भास होतो. मग तेच वाक्य दोनदा, किंचित वेगवेगळ्या गतीने वाजू लागते, एकमेकांपासून सरकत जाते, आणि ऐकणाऱ्याला आपली थट्टा झाल्याचे कळते. यंत्राला थट्टा करता येत नाही.

याच काळातील दोन रचनांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टला कार्यक्रम करून आल्यावर त्या शहराचे नाव दिलेली 'बेलफास्ट' ही रचना आहे. तिच्यात बाराव्या शतकातील जर्मन मठवासिनी हिल्डेगार्ड हिच्या स्तोत्राचा एक तुकडा, एमिली व्हॅन एव्हेरा या गायिकेच्या आवाजात, पुनःपुन्हा तरंगत येतो. जेव्हा त्या शहरात बंदुका थांबलेल्या नव्हत्या, तेव्हाचे हे संगीत इतके शांत कसे, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. दुसरी १९९२ ची 'हॅल्सियन'. भावांच्या आईला हॅल्सियन या झोपेच्या गोळीचे अनेक वर्षे व्यसन जडले होते, आणि रचना तिला अर्पण केलेली आहे. हे औषध ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले. त्या रचनेतील स्त्रीस्वर कर्स्टी हॉकशॉ हिचा, ओपस थ्री या गटाच्या गाण्यातून घेतलेला. तो कापून, उलटा फिरवून असा गुंफला आहे की शब्द उरत नाहीत, फक्त गुंगी उरते. हृदयशून्य यंत्रसंगीताचे उदाहरण म्हणून आपल्या लेखकाने नेमकी ही जोडी निवडावी, हे दुर्दैव.

पुनरावृत्तीविषयी हाच पूर्वग्रह एकदा कायद्याच्या भाषेत उतरला होता, आणि लेखातील वाक्य वाचताना मला त्याचीच आठवण झाली. १९९० च्या कायद्याने विनापरवाना पार्ट्यांच्या आयोजकांना २०,००० पौंडांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथील माळावर हजारो लोकांचा आठवडाभर तळ पडल्यावर सरकार आणखी कडक झाले. नोव्हेंबर १९९४ मध्ये मंजूर झालेल्या 'क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर' कायद्याच्या ६३ व्या कलमाने उघड्यावर रात्री शंभर वा अधिक लोकांसाठी मोठ्याने संगीत वाजवणाऱ्या जमावावर पोलिसांना अधिकार दिले. संगीत म्हणजे काय हे सांगताना त्यात एकापाठोपाठ येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांनी पूर्णतः वा प्रामुख्याने ओळखल्या जाणाऱ्या ध्वनींचा समावेश असल्याचे कलमात लिहिले गेले. संसदेने ठेक्याची व्याख्या केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

विधेयक चर्चेत असतानाच ऑर्बिटलने 'आर वुई हिअर?' या तबकडीवर त्या विधेयकाचेच नाव दिलेली एक आवृत्ती घातली, आणि तिच्यात होती निव्वळ शांतता. रॉचडेलच्या ऑटेकर या दुसऱ्या ब्रिटिश जोडीने तर त्याच सुमारास 'फ्लटर' ही रचना अशी बांधली की तिचे कोणतेही दोन खंड सारखे ठोके घेऊन येत नाहीत, आणि ती वाजवताना एक वकील व एक संगीततज्ज्ञ हाताशी ठेवावा, असा सल्ला वेष्टनावर छापला. एवढ्या नेमकेपणाने कायद्याला उत्तर देणाऱ्या माणसांना बटण दाबून निघून जाणारे म्हणणे कठीण आहे.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात, गिटारवाल्या गटांच्या सोबतीने, ऑर्बिटलने रात्रीचा कार्यक्रम केला. चॅनल फोरने त्या वर्षी महोत्सव प्रथमच दूरचित्रवाणीवर आणला होता, त्यामुळे शेतात न गेलेल्यांनीही अंधारात हलणारे ते चार लहान दिवे पाहिले. पुढच्याच वर्षी महोत्सवात नृत्यसंगीतासाठी स्वतंत्र तंबू उभा राहिला. ऑगस्ट १९९४ मध्ये आलेली 'स्निव्हिलायझेशन' ही त्यांची ध्वनिमुद्रिका ब्रिटिश यादीत चौथ्या स्थानी पोचली.

माझी विनंती मर्यादित आहे. हार्टनॉल हे मित्र नसून भाऊ आहेत, आणि त्यांच्या नावाचा संबंध गोव्याशी नसून एम-२५ शी आहे, एवढी दुरुस्ती पुढील अंकात छापावी. छायाचित्राखालील ओळही बदलता आली तर बरे. तिसऱ्या वाक्याबाबत निर्णय लेखकाचा राहील. त्यांनी १९९४ च्या त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मिळवून, शक्यतो हेडफोन लावून, एकदा ऐकावे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)